लशीची तारीख कुणाच्या डोक्यात? चिनी घरातल्या बाबांविषयी

कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात एक छोटासा प्रसंग येतो. कन्फ्यूशियस एकटाच उभा आहे, आणि त्याचा मुलगा लगबगीने अंगणातून चाललाय. बाप विचारतो, काव्य शिकलास का? मुलगा म्हणतो, अजून नाही. मग बोलायचं कसं ते तुला कळायचं नाही, एवढंच बाप म्हणतो. मुलगा जातो आणि काव्य शिकायला लागतो. पुढे एकदा असाच अंगणात गाठला जातो, तेव्हा विचारणा होते विधी-आचारांची. तेही मुलगा शिकतो. एका शिष्याला वाटत असतं की गुरू आपल्या मुलाला काही खास शिकवत असणार, म्हणून तो मुलाला गाठून विचारतो आणि ही हकीकत ऐकतो. ऐकून तो खूश होतो. म्हणतो, एक विचारलं आणि तीन कळलं: काव्य, आचार, आणि तिसरं म्हणजे थोर माणूस स्वतःच्या मुलापासून अंतर राखतो.

हे तिसरं चीनमध्ये अडीच हजार वर्षं पुरलं. बाप म्हणजे शिस्त आणि शिक्षण, आई म्हणजे माया आणि अन्न. शेकडो वर्षं तिथल्या लहान मुलांकडून तीन-तीन अक्षरांच्या ओळींचं एक पुस्तक पाठ करून घेत. त्यात एक ओळ आहे: मुलाला पोसलं पण शिकवलं नाही, तर चूक बापाची. ही ओळ नीट वाचली की कळतं, बापाला इथे कुणी मोकळं सोडलेलं नाही. उलट मोठा भार त्याच्यावरच टाकलाय. फक्त तो भार कशाचा, हे ठरवून दिलंय. मूल वाया गेलं तर दोष बापाचा. मूल उपाशी राहिलं, तापलं, रात्री रडलं, त्याचा या ओळीशी संबंध नाही.

माया नव्हती असा मात्र याचा अर्थ होत नाही. झू झीचिंग नावाच्या लेखकाने १९२५ मध्ये आपल्या वडिलांविषयी एक छोटा लेख लिहिला. चिनी शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो माहीत असतो. वडिलांची नोकरी गेलेली, आजी नुकतीच वारलेली. मुलगा वीस वर्षांचा, बीजिंगला निघालाय. पुकोउ स्टेशनवर वडील त्याला गाडीत बसवून देतात आणि म्हणतात, मी संत्री घेऊन येतो, तू इथून हलू नकोस. अंगाने जाड माणूस, काळी टोपी, जाड कापसाचा झगा. रूळ ओलांडतो, समोरच्या फलाटावर दोन्ही हात टेकवून, पाय वर ओढत कसाबसा चढतो. मुलाला त्याची पाठ दिसते आणि डोळे भरून येतात. दोघांत बोलणं जवळजवळ होतच नाही. एस.टी. सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहणारे, 'पोचलास की कळव' यापलीकडे शब्द न सापडणारे वडील आपल्यालाही अनोळखी नाहीत.

आज चिनी बाप मुलांच्या संगोपनात किती आहे, आणि नसेल तर का नाही, हे समजून घेताना या दोन गोष्टी मनात ठेवाव्या लागतात. माया आहे. ती दाखवायची जागा मात्र पूर्वीपासून आखलेली आहे. माझं म्हणणं असं की ही आखणी आज जुन्या पोथ्यांपेक्षा तीन साध्या गोष्टी जास्त करतात: कामाचे तास, घरात असलेली आजी, आणि मुलाचं कुठलं काम 'बाबाचं' धरलं जातं ही समजूत.

त्याआधी 'सहभाग' म्हणजे काय ते पाहू, कारण गोंधळ इथेच होतो. मायकेल लॅम्ब या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याचे तीन भाग केले, आणि अभ्यासक अजूनही तेच वापरतात. पहिला भाग, मुलाबरोबर प्रत्यक्ष काही करणं: खेळणं, भरवणं, अभ्यास घेणं. दुसरा, हाकेच्या अंतरावर असणं. मूल खोलीत खेळतंय, तुम्ही स्वयंपाकघरात आहात, पडलं तर धावत याल. तिसरा, जबाबदारी. पुढची लस कधी, बूट लहान झालेत का, शाळेच्या सहलीचे पैसे भरायची शेवटची तारीख कोणती, ताप उतरला नाही तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, हे सगळं कुणीही न सांगता डोक्यात असणं. पहिल्या भागात बाप चटकन दिसतो, कारण त्याचा फोटो निघतो. तिसऱ्याचा फोटो निघत नाही.

पहिल्या भागाचं माप घेता येतं. चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी विभागाने २०१८ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. मुलांची सोबत आणि देखभाल यात पुरुषांचा दिवसाला सरासरी वेळ निघाला १७ मिनिटं, बायकांचा ५३. घरकामात पुरुष ४५ मिनिटं, बायका २ तास ६ मिनिटं. या सरासरीत मूल नसलेले, म्हातारे, अविवाहित असे सगळेच धरलेले आहेत, म्हणून '१७ मिनिटं' हा आकडा लहान मुलाच्या बापाला जसाच्या तसा लावू नये. बघायचं ते प्रमाण: एकास तीन. आणि लशीची तारीख लक्षात ठेवायला लागणारा वेळ यात कुठेच मोजलेला नाही.

कामाचे तास आणि दूरचं शहर

चीनमधल्या कंपन्यांत, विशेषतः तंत्रज्ञानाच्या, '९९६' हा शब्द सर्रास चालतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. २०१९ मध्ये तिथल्या प्रोग्रामरांनी याविरुद्ध इंटरनेटवर मोहीम उघडली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि श्रम मंत्रालयाने मिळून अशी पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. कागदावर बेकायदा झालं म्हणून दिवे लवकर बंद होतात असं नाही. रात्री नऊला सुटून तासभर मेट्रोने घरी येणाऱ्या माणसाला आपलं दोन वर्षांचं मूल सोमवार ते शनिवार फक्त झोपलेलंच दिसतं.

अशा कचेऱ्यांत बायकाही काम करतात. त्यांना मात्र मूल झाल्यावर वेळेवर निघता येईल अशी कमी पगाराची नोकरी शोधावी लागते. नवऱ्याचा पगार जास्त, म्हणून त्याने थांबायचं. तो थांबतो, म्हणून त्याचा पगार आणखी वाढतो. घरातलं हे गणित फार समजूतदारपणे मांडलं जातं. त्यात कुणी वाईट नसतं. पण वर्षागणिक बाबा मुलापासून एकेक पाऊल लांब जातो.

खेड्यातल्या बापाची कहाणी वेगळी आणि जास्त कष्टाची. १९५८ पासून चीनमध्ये 'हुकोउ' नावाची नोंदणी आहे. तुमचं कुटुंब कुठल्या गावचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि शाळा, सरकारी इलाज, सवलती या नोंदीला बांधलेल्या असतात. शहरात मजुरी करता येते, पण मुलाला तिथल्या सरकारी शाळेत घालणं अवघड. म्हणून बाप ग्वांगदोंगच्या कारखान्यात किंवा शांघायच्या बांधकामावर, आणि मूल गावी. २०२३ मध्ये चीनमध्ये खेड्यांतून आलेले मजूर २९ कोटी ७५ लाख होते, आणि त्यातले १७ कोटी ६६ लाख आपला परिसर सोडून बाहेर गेलेले होते. २०१० च्या जनगणनेवरून काढलेल्या अंदाजात आई किंवा बाप, किंवा दोघंही बाहेरगावी असलेली खेड्यातली मुलं ६ कोटी १० लाखांवर भरली. त्यांना 'मागे राहिलेली मुलं' म्हणतात.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१६ मध्ये सरकारने या मुलांची व्याख्या बदलली. दोन्ही पालक बाहेर असतील, किंवा एक बाहेर असून दुसरा सांभाळण्याच्या स्थितीत नसेल, तरच मूल 'मागे राहिलेलं' धरायचं ठरलं. आकडा एकदम ९० लाखांवर आला, आणि त्यातली दहातली नऊ मुलं आजी-आजोबांकडे होती. सगळ्यात जास्त गरज असलेल्या मुलांकडे आधी बघायचं हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. आई गावी आहे आणि बाप वर्षातून एकदा, नववर्षाच्या सुट्टीत येतो, असं मूल यादीतून गळलं. बापाचं नसणं ही मोजण्याजोगी उणीव राहिली नाही.

वर्षभर पैसे पाठवणारा हा बाप स्वतःला बेजबाबदार मानत नाही, आणि तो तसा नसतोच. त्याच्या दृष्टीने पैसे पाठवणं हेच संगोपन आहे. मुलाच्या दृष्टीने बाबा म्हणजे फोनच्या पडद्यावरचा एक चेहरा, जो 'अभ्यास केलास का?' असं विचारतो. कन्फ्यूशियसच्या अंगणातला प्रश्न आजही तोच आहे.

आजीच्या हातातली वाटी

शहरात परत येऊ. चिनी घरातल्या बापाविषयी बोलताना नवरा-बायको दोघांचंच चित्र डोळ्यांसमोर आणलं तर सगळं चुकतं. चित्रात तिसरं माणूस असतं, आणि बहुतेक वेळा ती आजी असते.

ती तिथे कशी आली, याला कारणं आहेत. जुन्या सरकारी व्यवस्थेत कारखाना किंवा कचेरी हेच माणसाचं गाव असे. घर, दवाखाना आणि पाळणाघर तिथेच. बायका मोठ्या संख्येने कामावर जात आणि तान्ही मुलं कारखान्याच्या पाळणाघरात राहत. १९९० च्या दशकात सरकारी कारखाने तोट्यात म्हणून बंद झाले किंवा विकले गेले आणि त्यांच्याबरोबर पाळणाघरंही गेली. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी परवडणारी सोय उरली नाही. दुसरीकडे कामगार बायकांचं निवृत्तीचं वय ५० होतं. पंचविशीत मूल झालेल्या बाईचं मूल सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी आई किंवा बाप झालं, तेव्हा ती नुकतीच निवृत्त झालेली, हातीपायी धड, पेन्शन चालू. सरकारने बंद केलेलं पाळणाघर तिने घरात उघडलं. आपलं गाव, मैत्रिणी, कधी कधी नवराही मागे ठेवून ती मुलाच्या शहरात येऊन राहिली. अशा म्हाताऱ्या माणसांसाठी तिकडे 'वाहत आलेले म्हातारे' असा शब्दच रूढ आहे.

बाळ जन्मल्यापासूनच घर बायकांच्या ताब्यात जातं. बाळंतिणीचा पहिला महिना तिकडे कडक पाळतात: बाहेर जायचं नाही, गार पाणी नाही, वारा लागू द्यायचा नाही. आपल्या सव्वा महिन्यासारखंच. सासू किंवा आई सांभाळते, ऐपत असेल तर पगारी बाई ठेवतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तेव्हा बाप गावातच नसतो. तिकडे तो त्याच घरात असतो आणि तरीही त्याला काही काम नसतं.

आता एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. बीजिंगच्या उपनगरातलं दोन खोल्यांचं घर, रविवार, दीड वर्षाची मुलगी. बाबा तिला भरवायला बसलाय. पेज जरा जास्त गरम आहे. मुलगी तोंड फिरवते, पेज गळ्यावर सांडते, ती रडायला लागते. आतून आजी येते आणि वाटी त्याच्या हातातून काढून घेते. "दे इकडे, तुला नाही जमायचं. आठवडाभर राबलायस, जा जरा पड." तिला लेकाची दया आलेली असते. ती चमचा आधी ओठाला टेकवते, मुलगी थांबते, मग घास घेते. चमचा आधी ओठाला लावायचा असतो, ही गोष्ट आजीला दीड वर्षात कळली आहे. बाबाला ती कळायला अजून पाच-सहा वेळा पेज सांडायला हवी होती.

पुढच्या रविवारी तो बसत नाही. मुलगी तीन वर्षांची होते, रात्री दचकून उठली की आजीला हाक मारते, आणि बाबाच्या मनात पक्कं होतं की हिला माझी गरज नाही. कौशल्य सवयीने येतं, सवयीला चुकायची मुभा लागते, आणि भरल्या घरात ती मुभा बापाला सगळ्यात कमी मिळते. बापाला मुलापर्यंत कितपत येऊ द्यायचं हे घरातल्या दुसऱ्या कुणी ठरवणं, याला अभ्यासक दारावरची राखण म्हणतात. पाश्चात्त्य अभ्यासांत ही राखण आई करते: 'डायपर असा नाही लावत.' चिनी घरात दारावर पुष्कळदा दोघी असतात.

आईचं काय? आजी आली म्हणून आई मोकळी होत नाही. भरवणं, झोपवणं आजीकडे जातं, पण तिसरा भाग, डोक्यातली यादी, आईकडेच राहते. शाळेच्या वीचॅट (तिकडचं व्हॉट्सॲप) गटात शिक्षकांचे निरोप तीच वाचते, शिकवण्यांची चौकशी तीच करते, सासूशी जमवूनही तीच घेते. गेल्या दहाएक वर्षांत चिनी बायकांनी यासाठी इंटरनेटवर एक शब्द रूढ केला, त्याचा अर्थ 'नवरा वारल्यागत मूल वाढवणं'. कठोर शब्द आहे. घरात धडधाकट माणूस असताना असा शब्द वापरावासा वाटणं, यामागे किती थकवा असेल! त्याच्या पुढचा शब्द आणखी बोचरा: 'प्रेत उठून बसल्यागत संगोपन'. महिनोन्‌महिने कशात नसलेला बाप निकालाच्या दिवशी एकदम जागा होतो, ओरडतो, सगळ्यांच्या चुका काढतो आणि पुन्हा निजतो. हाच तो जुना 'शिकवणारा' बाप. शिकवण्याचा अधिकार त्याने ठेवला, शिकवण्याआधीची सोबत सुटली.

जे बाप आत आले ते कसे आले

हे सगळं वाचून चिनी बाप बदलतच नाही असं वाटेल, तर तसं अजिबात नाही. शहरांत बाळाला पोटाशी बांधून बाजारात फिरणारे तरुण बाप दिसतात. त्यांच्यासाठी 'नायबा' हा लाडका शब्द आहे, अक्षरशः 'दूध-बाबा'. २०१३ मध्ये हुनान टीव्हीवर दक्षिण कोरियाच्या एका कार्यक्रमावरून घेतलेली मालिका सुरू झाली. पाच प्रसिद्ध माणसं आपापल्या लहान मुलांना घेऊन, आईविना, खेड्यात जाऊन राहतात, एवढंच तिच्यात होतं. सगळा देश ती बघत होता. प्रसिद्ध माणूस मुलीची वेणी घालताना गोंधळतोय हे बघून लोकांना हसू आलंच, पण बाप असंही करू शकतो हेही दिसलं.

आणखी खोल बदल एका अपत्याच्या धोरणाने घडवला, आणि तो कुणी ठरवून केलेला नव्हता. १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत शहरातल्या बहुतेक घरांत एकच मूल होतं. मुलगी झाली तर तीच सगळं. वंशाच्या दिव्यासाठी ठेवलेला वेळ, पैसा, अपेक्षा सगळी तिच्याकडे वळली. या धोरणाने जबरदस्तीच्या गर्भपातांपासून मुलींच्या गर्भातच झालेल्या हत्यांपर्यंत काय काय केलं ते विसरता येत नाही. तरीही शहरांतल्या पुष्कळ बापांचा मुलीशी जो लोभ जडला तो खरा आहे. अशा बापाला तिकडे प्रेमाने 'मुलीचा गुलाम' म्हणतात.

कुठला बाप आत येतो, हेही बऱ्यापैकी दिसतं. ज्याची बायको नोकरी करते आणि तिचं घरात वजन आहे. ज्याचे कामाचे तास माणसासारखे आहेत. ज्याचं बायकोशी बोलणं चालू आहे. नवरा-बायकोत अबोला असला की बाप मुलापासूनही तुटतो, आई सहसा तुटत नाही. जास्त शिकलेले बाप खेळण्यात आणि अभ्यासात जास्त दिसतात, अंघोळ-जेवणात तितके नाहीत. आणि ज्याला स्वतःच्या बापाचं अंतर सललं होतं. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात हळवा वाटतो. काही माणसं बापासारखीच होतात, काही जाणूनबुजून तशी व्हायचं टाळतात. कोण कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही, पण ज्याला ते सलणं शब्दांत मांडता आलं, तो दुसऱ्या वाटेने जायची शक्यता जास्त.

सरकारलाही आता बाप आठवला आहे, कारण बायका मूल नको म्हणताहेत. २०१६ मध्ये दोन मुलांना परवानगी मिळाली तेव्हा वर्षात १ कोटी ७८ लाखांवर बाळं जन्मली. २०२३ मध्ये ९० लाख. जिला पहिलं मूल एकटीने वाढवावं लागलं, ती दुसरं का होऊ देईल? १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कौटुंबिक शिक्षणाच्या कायद्यात पालकांनी मुलाला स्वतः वाढवावं आणि आई-बाप दोघांनी त्यात भाग घ्यावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. लिहिलं हे चांगलंच झालं. पण रजेकडे पाहा. आईला देशभर किमान ९८ दिवस, आणि प्रांत त्यात भर घालतात. बापाच्या रजेचा देशपातळीवर कायदाच नाही, प्रत्येक प्रांताचं वेगळं: शांघायला १० दिवस, बीजिंगला १५, हनानला एक महिना. २०२१ पासून मूल तीन वर्षांचं होईपर्यंत दोघांनाही दरवर्षी पाच ते दहा दिवसांची संगोपन रजा बहुतेक प्रांतांत आली. पुष्कळ ठिकाणी या दिवसांचा पगार मालकाच्या खिशातून जातो, आणि मालकाला नको असलेली रजा मागायला माणूस कचरतो. (आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही.)

तैवानची संस्कृती याच मुळांची, पण तिथे २००२ च्या कायद्याने आई आणि बाप दोघांनाही लांब संगोपन रजेचा हक्क दिला आणि २००९ मध्ये त्यात सहा महिने पगाराच्या ६० टक्के भत्ताही आला. घेणाऱ्यांत अजून बायकाच जास्त आहेत. तरी रजा घेणारा बाप तिथे आता नवलाचा राहिलेला नाही.

चीनच्या मुख्य भूमीवर बापाच्या रजेचे दहा-पंधरा दिवस पडतात ते नेमके बाळंतपणाच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा घरात सासू, आई आणि ऐपतीप्रमाणे पगारी बाई, सगळ्याच असतात. तो दवाखान्याची कागदपत्रं करतो, जन्मनोंदणी करतो, बाजारहाट करतो, आणि कामावर परततो. आई कामावर जायला लागते तेव्हा बाळाला खरोखर एका माणसाची गरज पडते, पण तोवर त्याची मोठी रजा संपलेली असते.

आता आणखी एक गोष्ट हलली आहे. १ जानेवारी २०२५ पासून चीनने निवृत्तीचं वय वाढवायला सुरुवात केली आहे. पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने कामगार बायकांचं वय ५० वरून ५५ होईल, कचेरीतल्या बायकांचं ५५ वरून ५८. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ बाया आजी होतील तेव्हा कामावरच असतील. बीजिंगच्या त्या घरात रविवारी पेज सांडली तर वाटी काढून घ्यायला आतून कुणी येणार नाही, आणि मंगळवारी, बुधवारी कोण भरवणार हे नवरा-बायकोला दोघांत बसून ठरवावं लागेल.